आमच्या आडनावाला सिंह कुणी चिकटवला

आडनावाचा इतिहास विकत मिळतो. मी पाहिलाय. काचेच्या चौकटीत घालून, मागे खिळ्याला अडकवायची कडी लावून मिळतो. वर ढाल, ढालीवर सिंह, सिंहाच्या डोक्यावर लोखंडी टोपडं, त्या टोपड्यातून बाहेर आलेली पिसं आणि खाली इंग्रजीत आपल्या बापजाद्यांचा पराक्रम. आपण फक्त आडनाव सांगायचं, बाकी सगळं त्यांना माहीत. ज्याला माझ्या आज्याचं नाव ठाऊक नाही, त्याला आज्याच्या आज्याने कुठला किल्ला घेतला ते ठाऊक! असल्या माणसाबद्दल मी चार शब्द बरे लिहावेत अशी कुणाची अपेक्षा असेल तर त्याने इथेच थांबावं.

माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न त्या चौकटीपायी अडलं. मी तेव्हा बहारीनला होतो. लोक मला समजावतात, अहो, चौकटीने कुठे लग्न मोडतं, माणसं मोडतात. असेल. माणसांवरही माझा राग आहेच.

आधी आडनावाचं सांगतो. आमच्या गावात आडनाव कुणी वापरतच नसे. वरच्या वाडीतला, खालच्या वाडीतला, पऱ्ह्याजवळचा म्हणजे ओढ्याकाठचा, एवढ्यावर माणूस ओळखला जायचा. मी चौथीत शाळा सोडली ती दाखला आणायलाही परत गेलो नाही. पुढे मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीत राहिलो. एका गावाचे सगळे एका खोलीत, तशी तेव्हा पद्धत. तिथे एक वयस्कर, लिहिता माणूस होता, तो सगळ्यांचे कागद करून द्यायचा. आखातात जायची लाट आली तेव्हा आमच्या पासपोर्टचे फॉर्म त्यानेच भरले. गावाचं नाव, पुढे कर, संपलं. मी विचारलं, माझं खरं काय ते नको का लिहायला? तर म्हणाला, "मेल्या, तिकडे वाळवंटात हरवलास तर कुठल्या गावात आणून टाकायचा ते तरी कळेल." त्यामुळे आमच्या गावचे जेवढे बहारीनला उतरले तेवढे सगळे एका आडनावाचे. विमानतळावरचा शिक्के मारणारा अरब पासपोर्ट चाळत विचारायचा, सगळे भाऊ काय? आम्ही माना डोलवायचो. यस, ब्रदर, ब्रदर. कोण समजावत बसणार त्याला!

पण आपसात आम्हाला पक्कं ठाऊक होतं, कोण कुणाचा. कारण देवक. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लग्नात मांडवात प्रत्येक घर आपलं देवक पुजतं. कुणाचं झाड असतं, कुणाची वेल, कुणाचं मोराचं पीस. ज्यांचं देवक एक, ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. देवक वेगळं तर खुशाल करा. आमचं देवक कळंब. माझ्या मित्राचं वासनवेल. पासपोर्टात आडनाव एक असलं तरी कुळं दोन. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

हा मित्र खालच्या वाडीतला. मनामाच्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही गाववाले राहायचो. तो अस्करच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्ट करायचा, भट्टीपाशी. मी गोड्या पाण्याचा टँकर चालवायचो, मुहर्रकपासून अरादपर्यंत घरोघर पाणी द्यायचो. सत्तर सालानंतर गेलेलो आम्ही, ऐंशी उलटली तरी तिथेच. एका ताटात जेवलो, एकमेकांच्या तापात उशापाशी बसलो. पुढे त्याने मुलाला आणलं. मुलगा बारावी झालेला, एका ऑफिसात टायपिंगला लागला. वळणाचा मुलगा. माझी मुलगी गावी सातवी करून घरात होती. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मित्रच म्हणाला, "तुझी पोर माझ्या घरात दे."

सुपारी तिथेच फोडली, खोलीत. अडकित्ता नव्हता, पाटा-वरवंटा नव्हता. मी खाली जाऊन टँकरच्या पेटीतला मोठा पाना आणला आणि त्याने सुपारी फोडली. आमचा एक वसईचा ख्रिश्चन दोस्त होता, हॉटेलात स्टुअर्ड, दर शुक्रवारी मासे घेऊन आमच्याकडे जेवायला यायचा. तो म्हणाला, "काय मॅन, ही एंगेजमेंट आहे की गॅरेज?" सगळे हसले. मुलगा त्या दिवसापासून मला काका म्हणायचा तो मामा म्हणायला लागला. पुढच्या वर्षी दोघांनी एकदम रजा काढायची आणि बार उडवून द्यायचा, असं ठरलं. गावी टेप पाठवली, तिकडे माझ्या बायकोनेही त्यांच्या घरी मानाची सुपारी दिली. तेव्हा आम्ही पत्रं कमी आणि कॅसेट जास्त पाठवायचो. माझ्यासारख्याला लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं.

आणि मग ते प्रदर्शन आलं.

वसईवाल्याच्याच हॉटेलातल्या मोठ्या हॉलमध्ये भरलं होतं. गालिचे, घड्याळं, अत्तरं आणि एका कोपऱ्यात हा आडनाववाला. टाय लावलेला, आपल्याच देशातला, दिल्लीकडचं हिंदी बोलणारा. समोर टीव्हीसारखी पेटी. मुलाला हौस फार, मला ओढून घेऊन गेला. आडनाव सांगितलं. त्या माणसाने पेटीवर बोटं आपटली आणि मान हलवली. मफी, म्हणजे अरबीत नाही. पेटीत आमचं आडनाव नव्हतं. मुलाचं तोंड उतरलं. गावाबाहेर ज्याला कुणी विचारत नाही ते आडनाव पेटीत कसं असेल? पण तो पठ्ठ्या म्हणाला, "रेअर नेम है. रिसर्च करना पड़ेगा. अगले जुम्मे को आइए."

मग कागद घेऊन बसला आणि मुलालाच विचारायला लागला.

"कहाँ के हैं?"

"महाराष्ट्र."

"ओहो, फायटर लोग!"

"हाँ, फायटर," मुलगा म्हणाला. त्याच्या आज्याने आयुष्यात रेड्याशीसुद्धा भांडण केलं नव्हतं.

"किला-विला है उधर?"

"बहुत है."

"समुंदर?"

"पास में ही."

मी मागे उभा होतो. मला राहवेना. म्हटलं, "सब तो ये बोलता है, फिर तू क्या ढूंढेगा?"

तो हसला. मुलाकडे बघून म्हणाला, "अंकल मज़ाकिया हैं."

पुढच्या शुक्रवारी चौकट आली. खोलीत सगळे गोल करून बसले. ज्याची स्वयंपाकाची पाळी होती तोही येऊन बसला. मुलगा एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होता. या आडनावाचा मूळपुरुष महान योद्धा. राजाने खूश होऊन त्याला समुद्राकाठचा किल्ला आणि सिंहाची ढाल दिली. आणि शेवटची ओळ अशी की, जगात जिथे जिथे हे आडनाव आढळेल, तिथे तिथे त्या एकाच वीराचं रक्त आहे. आमच्यातल्या एकाने टाळ्या वाजवल्या. आत डाळ करपली. फोटो काढायला कॅमेरा मागून आणला आणि भट्टीवर, दुकानात, ट्रकवर घाम गाळणारी माणसं छाती काढून त्या चौकटीभोवती उभी राहिली.

मी म्हटलं, "सिंह? आपल्या गावात कोल्हा ओरडला तर आपण दाराला अडसर लावतो."

"गप रे," मित्र म्हणाला. "तुझंही आडनाव तेच. फुकटात तुलाही किल्ला मिळाला, तर कुरकुरतोस कशाला?"

मी फोटोत उभा राहिलो नाही. तेवढं बरं केलं.

मुलाने त्या कागदाची झेरॉक्स काढली आणि रजेवर जाणाऱ्या गाववाल्याबरोबर घरी पाठवली. शिमगा तोंडावर होता. आमच्याकडे शिमग्यात देवाची पालखी सहाणेवर येऊन बसते, सगळा गाव समोर जमतो, मानपान होतात. तिथे शाळेच्या गुरुजींनी तो कागद मराठी करून वाचला. देवासमोर! ढोल थांबवून!

तो गाववाला रजा संपवून परतला तेव्हा माझ्या बायकोची टेप घेऊन आला. टेप ऐकायची ती सगळ्यांसमोरच. एक खोली, एक टेपरेकॉर्डर, चोरून ऐकणार कुठे? शुक्रवारी दुपारी जेवणं झाली आणि मी बटण दाबलं. मित्र भिंतीला टेकून विडी ओढत होता. मुलगा कपड्यांना इस्त्री करत होता.

"अहो, ऐकताय ना?" बायको नेहमी अशीच सुरुवात करायची. म्हैस व्याली, रेडकू झालं. कौलं शेकारून घेतली.  मग म्हणाली, "तुम्ही लोकांनी तो कागद कशाला पाठवलात? गुरुजींनी वाचला आणि व्याह्यांचे थोरले भाऊ भर सहाणेवर उठले. म्हणाले, एक रक्त निघालं. आता भावाबहिणीचं लग्न लावून गावावर पाप आणू काय? मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात जाऊन म्हटलं, भाऊजी, देवक वेगळं आहे. तर गुरुजी तिथेच बसलेले. ते म्हणतात, देवकं मागाहूनची, कागदातली हकिकत त्याच्या आधीची. सुपारी परत केलीन त्यांनी. ओटीवर ठेवून गेले."

मग खरखर झाली आणि मुलीचा आवाज आला. ती टेपवर कधी फारसं बोलायची नाही.

"बाबा, विहिरीवर पोरी मला विचारतात, यंदा भाऊबीजेला ओवाळणी काय घालणार गं तो?"

एवढंच. टेप संपली. मुलाने इस्त्री उभी करून ठेवली.

मी मित्राकडे वळलो. "तुझं देवक काय?"

"वासनवेल."

"माझं?"

"कळंब."

"मग?"

"मग काय मग?" तो माझ्याकडे बघेना. "दादा थोरला आहे. तो बोलला सहाणेवर. आणि ते छापील आहे रे. देवक कुठे छापलंय?"

हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. देवक कुठे छापलंय! पिढ्यान्‌पिढ्या ज्या वेलीला हळदकुंकू वाहिलं ती खोटी आणि टायवाल्याने आठवड्यात जुळवलेलं खरं, कारण ते छापील. इंग्रजीत. सोनेरी किनारीचं. मी त्याला म्हटलं, "हे सगळं तुझ्या पोराने सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. मी मागे उभा होतो. विचार त्याला."

मुलगा म्हणाला, "काका, त्यांनी रिसर्च पण केला असेल ना..."

काका! मामाचा पुन्हा काका झालो. मी पायऱ्या उतरून खाली गेलो. तिथे थांबलो असतो तर हात उचलला असता.

दोन-चार दिवसांनी वसईवाला आला. त्याला सगळं कळलं होतं. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं तर तशीच चौकट! हॉटेलच्या लोकांना स्वस्तात देत होते म्हणून त्यानेही आपल्या आडनावाची करून घेतली होती. त्याचं आडनाव पोर्तुगीज. त्याने ती आमच्या चौकटीच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. आमचा सिंह लाल, त्याचा निळा. बाकी सिंह तोच. शेपटीचा पीळसुद्धा तोच. टोपडं तेच, पिसं तीच.

"बघ मॅन," तो मित्राला म्हणाला. "मी पण तुमचा भाऊबंद निघालो. लग्नात मला पण मान पाहिजे."

"तुझ्यात काय लिहिलंय?" मी विचारलं.

"लिस्बनचा सरदार! अरे, आमच्या खापरपणज्याला बाप्तिस्मा दिला त्या पाद्रीचं आडनाव आम्हाला लागलं. त्या दिवशी ज्याच्या ज्याच्या डोक्यावर पाणी पडलं ते सगळे त्याच आडनावाचे. पाद्रीला पोरं नसतात मॅन, आणि वारस बघ, अख्खी वसई!"

खोलीतले हसले. मित्र हसला नाही. वाकून दोन्ही सिंह बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, पडला उजेड. तर म्हणतो कसा, "रंग वेगळा आहे."

यावर काय बोलणार तुम्ही? सांगा.

प्रदर्शन उठलं होतं, पण त्या टायवाल्याने बाजारातच गाळा घेतला होता. वसईवाल्याला घेऊन मी तिथे गेलो. मला इंग्रजी नको होतं, साक्षीदार हवा होता. गाळ्यात भिंतभर सिंह. काही घोडे, काही गरुड, पण सिंह जास्त. मी चौकट टेबलावर आपटली आणि विचारलं, हे खरं का खोटं?

तो घाबरला नाही. चहा मागवला. म्हणाला, "अंकल, ये शौक की चीज़ है. दीवार पे लगाने की."

"इसमें एक खून लिखा है. मेरी बेटी का लगन टूट गया."

हे ऐकून त्याचा चेहरा जरा बदलला, ते मी कबूल करतो. मग आवाज खाली आणून त्याने जे सांगितलं ते मला अजून आठवतं. "सच बोलूँ? ढाल राजा किसी एक आदमी को देता था. नाम को नहीं. एक नाम के दस खानदान होते हैं, कोई किसी का कुछ नहीं लगता. ये तो हम लोग भी जानते हैं."

"जानता है तो लिखा क्यों?"

"लोग खुश होते हैं, अंकल."

मी त्याचा टाय धरला. खरंच धरला. वसईवाल्याने मला मागून मिठी मारली. "सोड मॅन, पोलीस आला तर व्हिसा खलास. मग मुलीचं लग्न कोण करणार, मी?"

टाय सोडला. खाली बसलो, त्याचा चहा प्यालो नाही. आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, "और एक बना. यही नाम. मैं बोलता हूँ, तू लिख."

मी सांगितलं. या नावाची एका गावात दोन कुळं. एक कळंबाचं, एक वासनवेलीचं. दोन्ही वेगवेगळ्या वाटेने आली, त्यांचं रक्त एक नाही, त्यांच्यात सोयरीक चालते. त्याने सगळं लिहून घेतलं, मुलाचं घेतलं होतं तसंच, मान हलवत.

"लायन रखूँ?"

"रख. दो रख. एक दूसरे की तरफ पीठ करके."

"दो लायन का एक्स्ट्रा लगेगा."

वसईवाला हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मी हसलो नाही. मला माझी मुलगी विहिरीवर दिसत होती.

दुसरा कागद छापून आला. तसाच जाड, तसाच सोनेरी. खरं म्हणजे या दुसऱ्यातच काय ते खरं होतं. तो गावी गेला. उत्तर टेपवरून आलं. मित्राचा थोरला भाऊ म्हणाला, हा विकत आणलेला कागद आहे. का, पहिला काय पालखीतून पडला होता? आणि गुरुजी! गुरुजींनी दोन्ही कागद समोर ठेवून तपासले म्हणे. निवाडा असा की, पहिल्यात लढाई आहे, किल्ला आहे, म्हणून तो ऐतिहासिक. दुसऱ्यात नुसती देवकं आहेत, म्हणून तो बनावट. शिकलेला माणूस! मुलांना शिकवणारा! मी चौथीतून पळालो त्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

थोरल्या भावाचं मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. त्याला खरंच पापाची भीती वाटली, की त्याला कुठलं वजनदार स्थळ आलं होतं आणि कागद आयता हाती लागला, देव जाणे. पण मला वाटतं, त्याला ते किल्लेदारपण गोड लागलं होतं. लग्न होऊ दिलं असतं तर कागद खोटा ठरला असता. कागद खरा ठेवायचा तर लग्न नको. त्याने किल्ला ठेवला.

खोलीत बोलणं बंद झालं होतं. म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढं चालायचं. माझा सगळा रोख मुलावर होता. एकदा त्याच्यासमोर मी भिंतीला सांगितल्यासारखं बोललो, "ज्याने फायटर सांगितलं, त्याने एकदा फायटर व्हावं." तो मान खाली घालून कामाला निघून गेला. पावसाळा गेला, दसरा गेला. तिकडे विहीर तीच, पोरी त्याच.

मग एका दुपारी मी अरादच्या वाटेवर टँकर भरायला लावला होता. पाइप टाकीच्या तोंडात टाकून सावलीला उभा होतो, तर हा मुलगा बसमधून उतरून चालत आला. ऑफिसचे कपडे घामाने अंगाला चिकटलेले.

"मामा," म्हणाला.

मी पाइपाकडे बघत राहिलो.

"मी टेप भरतो. मीच सांगितलं होतं ते सांगतो."

"बापाला विचारलंस?"

"नाही."

"मग भर."

वसईवाल्याच्या क्वार्टरवर बसून भरली. दोनदा अडखळला, पण थोरल्या काकाला उद्देशून बोलला. आप्पा, त्या माणसाला आपण लढवय्ये असं मी सांगितलं. किल्ला मी सांगितला. त्याने माझंच बोलणं मला छापून विकलं. आपलं देवक वासनवेल, त्यांचं कळंब. मला हे लग्न करायचंय. बारावी झालेल्या मुलाने, ज्याचा गावात केवढा तोरा, अख्ख्या भावकीला ऐकू जाईल असं स्वतःला मूर्ख ठरवून घेतलं. त्या मुलावरचा माझा राग तिथे निम्मा उतरला. निम्माच.

थोरल्या भावाने टेप ऐकली आणि चार माणसांत म्हणाला, "पोरगाच म्हणतोय तर होऊ दे." जसा काही आमच्यावर उपकार! सुपारी पुन्हा पाठवतो म्हणाला. मित्राला निरोप कळला तसा तो खोलीत माझ्या गळ्यात पडायला आला. मी हात पुढे केला नाही, पण मनातून मी जिंकलो होतो. खोटं का बोलू? छाती भरून आली होती. सगळ्या गावाची मान मी परदेशातून वळवून आणली होती.

त्याच आठवड्यात घरची टेप आली. या वेळी बायको सुरुवातीला बोललीच नाही. मुलीचाच आवाज.

"बाबा, मी नाही म्हणते. इतके महिने मी विहिरीवर एकटीने ऐकून घेतलं. सुपारी ठेवून गेले त्यानंतर त्यांच्या घरातलं एक माणूस आपल्या अंगणात आलं नाही. एक बाई माझ्या बाजूने बोलली नाही. त्याने टेप भरली ते चांगलं केलंन. पण त्या घरात उद्या दुसरा कागद आला, तर मला पोरांसकट परत पाठवतील. मला ते घर नको."

मागून बायको म्हणत होती, "अगं, बाबा तिकडे एवढं भांडले तुझ्यासाठी..." आणि मुलगी म्हणाली, "मग आता माझ्यासाठी गप्प बसू देत."

मी भडकलो. तिच्यावरसुद्धा. वसईवाल्याकडे गेलो, टेपरेकॉर्डर मागितला आणि बोलत सुटलो. तुला अक्कल आहे का, मी इथे कुणाकुणाचे टाय धरले, लोकांची तोंडं कशी बंद केली, आणि तू मला तोंडघशी पाडतेस. कॅसेटची एक बाजू भरली. मग ती मागे फिरवून ऐकली. ऐकताना लक्षात आलं, यात सगळीकडे मी, मी, मी. पोरीचं नावच नाही. पुसली. पुन्हा बटण दाबलं आणि "बरं" म्हटलं. पुढची सगळी कॅसेट रिकामीच पाठवली.

मित्राला मीच सांगितलं. तो शिफ्टवरून येऊन हातपाय धूत होता.

"माझी मुलगी नाही म्हणते."

"आता?" तो तसाच ओल्या हाताने उभा राहिला. "दादा तयार झाला, आणि आता?"

"ती विचारते, उद्या दुसरा कागद आला तर?"

 त्याने एवढंच म्हणायचं होतं, की मी आहे ना, मी उभा राहीन. मी वाट बघितली. त्याने टॉवेल घेतला आणि तोंड पुसत राहिला.

मुलीला पुढच्या वर्षी चिपळूणच्या बाजूला दिली. जावई एसटीत वर्कशॉपला. बरं घर आहे. देवक तेवढं विचारलं, पत्रिकासुद्धा मागितली नाही. मित्राबरोबर मी आणखी काही वर्षं त्याच खोलीत काढली, कारण दुसरी जागा परवडत नव्हती. पाळ्या ठरलेल्या होत्या, त्याच्या पाळीला तो रांधायचा, माझ्या पाळीला मी. पण त्याच्या हातची भाकरी मला त्यानंतर कधी गोड लागली नाही. हल्ली हीच चौकटींची दुकानं मुंबईत निघालीत म्हणतात, लग्नात भेट द्यायला लोक घेतात. घ्या. माझ्या उंबऱ्याच्या आत आणू नका.

त्याच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा मी रजेवर गावी होतो. आमंत्रण घेऊन मुलगा स्वतः आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. माझ्या मुलीनेच, तेव्हा बाळंतपणाला आलेली, त्याला पाणी दिलं. तो मला काका म्हणाला नाही आणि मामाही म्हणाला नाही. त्याच्यासाठी म्हणून मी गेलो. मांडवात उभा राहिलो, अक्षता टाकल्या. पंगत बसली तसा थोरला भाऊ हात धरून आग्रह करायला लागला. मी हात सोडवून घेतला, ढिगातून माझ्या चपला शोधल्या आणि घरी येऊन सकाळची भाकरी खाल्ली.